वीतभर लाल

चाळीस फूट बाय अठरा. गोरेगावात, सहा नंबरच्या फ्लोअरवर
पडदा ताणलाय. उद्या सकाळी सातला त्याच्यासमोर
एक गाडी उभी राहणार, धूळ न लागलेली.
मागे वाळवंटातले कडे हवेत.
नमुन्याचा कागद पोस्टकार्डाएवढा,
त्यावर कुणाचातरी तेलकट अंगठा.

वाळवंट मी पाहिलेलं नाही.
पिवळी माती, गेरू, चिमूटभर काजळ,
बादलीत सरस, आणि केरसुणीएवढा ब्रश.

रंगाऱ्याची रीत वरून खाली:
आधी आभाळ, मग कड्याचा माथा,
ओघळ आला तर पुढचा हात त्याला झाकतो.
आज मी खालून सुरुवात केली.
गुडघे टेकले, पहिली पट्टी ओढली.
मिस्त्री ओरडला, डोकं फिरलं काय दुर्गव्वा?
जे आधी झालं ते खाली,
मला एवढंच ठाऊक.

चांदिवलीच्या खाणीत माझा बाप तिम्मण्णा
कमरेला दोर बांधून कड्यावर लोंबकळायचा,
सुरुंगाची भोकं पाडायला.
मी खाली खडीच्या ढिगावर, भाकरी घेऊन, मान वर.
काळा दगड, काळा दगड,
चार पुरुष उंच काळा दगड,
आणि मधेच आडवी, वीतभर, लाल रेघ,
भट्टीतल्या विटेसारखी.
पहार तिथं मऊ शिरायची.
बाप म्हणायचा, इथं दगडानं दम खाल्लाय.
रेघेपाशी पोचला की तोही दोरावरच बिडी पेटवायचा.

आर्टमधली नवी पोरगी, रुमाना परकार,
दगडांचंच कॉलेज करून इथं खिळे मोजायला आलेली.
तिला हे सांगितलं, तर डबा तसाच उघडा राहिला.
म्हणाली, बरोबर सांगायचे.
लाव्हा आला, निवला, थांबला.
मग कितीतरी काळ काहीच नाही.
ऊन. पाऊस. दगड कुजून माती.
मातीत मुळं, डबक्यात एखादा बेडूक.
मग वरून पुढचा लाव्हा, आणि ती माती भाजली.
साडेसहा कोटी वर्षं झाली, म्हणाली,
जसं कुणी म्हणावं, मागच्या गुरुवारी.

वीतभराला किती वर्षं लागली असतील?
तिनं बोटं उघडली, मिटली,
आणि लोणचं चाटून घेतलं.

वाळवंटातल्या रेघा मात्र तिरक्या.
वाऱ्यानं ढकललेली वाळू उतारावर थांबते,
तोच उतार पुढं दगड होतो, असं तिनंच सांगितलं.
वारा कुठून होता? विचारलं.
तुम्ही ठरवा.
मी मढकडून ठरवला.

शिलाईपाशी पडद्याचा पोपडा सुटलाय.
नखानं उचलला: पांढरा.
त्याखाली काश्मीर, निळं. त्याखाली शेंदरी देऊळ.
पुन्हा पांढरा, आणि तळाशी
एक हिरवा, जो माझ्या हातचा नाही.
तोंडवळकर पेंटरचा असेल. त्यात ते मोरचूद घालायचे.
परवा या कड्यांवरही चुना फिरेल.

खाणीत आता बत्तीस मजले आहेत.
भाचा तिथं रात्रपाळीला वॉचमन.
त्याला डबा द्यायला गेले तेव्हा पार्किंगच्या तळाशी,
पंपाच्या खोलीमागं,
सिमेंट फवारायचं राहून गेलेली हातभर जागा होती.
ओली. लाल.
वीत लावून पाहिली. पुरली नाही.
बापाचा पंजा मोठा होता.

नमुन्यात लाल नाहीये, असं आत्ताच कुणी म्हणून गेलं.
गाडीच्या टपामागं जाईल, मी म्हटलं, दिसायची नाही.
गेरूत थोडा शेंदूर कालवला,
उजव्या टोकापासून डाव्यापर्यंत एका दमात ओढली,
आणि ब्रश बादलीवर आडवा ठेवून
पोऱ्याला चहा सांगितला.
वरचा अर्धा पडदा अजून कोरा आहे.